बारावीनंतर बीबीए किंवा बीएमएस: प्रवेशाच्या फॉर्मपासून पहिल्या पगारापर्यंत

इंजिनिअरिंग नको, सीए झेपेल की नाही ठाऊक नाही, नुसते बीकॉम घरच्यांना पटत नाही, मग मॅनेजमेंट. बारावीनंतर बीबीए-बीएमएसकडे येणारी बरीच मुलेमुली याच वाटेने येतात आणि त्यात वावगे काही नाही. अडचण तीन वर्षांनी समोर येते. इंजिनिअर निदान कुठल्या तरी एका शाखेचा असतो. बीबीए झालेला मुलगा ‘मॅनेजमेंटचा’ असतो आणि त्या नावाची नोकरी बाजारात कुणाकडेच नसते. नोकरी असते विक्रीची, हिशेबाची, खरेदीची, गोदामाची, माणसे भरतीची. नवख्यांच्या मुलाखतींना बसतो तेव्हा मी एवढेच शोधत असतो, की यातले याला नेमके काय येते? कॉलेजची तीन वर्षे त्या प्रश्नाचे उत्तर तयार करायला वापरायची. पदवी त्यासोबत मिळतेच.

पायरी १: आधी नावांचा गुंता सोडवा

बीबीए, बीएमएस, बीबीएम ही नावे वेगळी, विषय जवळपास तेच. मुंबईकडे बीएमएस रुळले, पुण्याकडे बीबीए. २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, हे अभ्यासक्रम आपल्या मान्यतेखाली घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी जागा भरपूर आणि परीक्षार्थी कमी असे झाल्याने कक्षाला आणखी एक सीईटी घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचे नावच बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकले. म्हणजे एआयसीटीई नको आणि सीईटीही नको.

तेव्हा माहितीपत्रकात ‘मॅनेजमेंट’ शब्द दिसला म्हणून खूश होऊ नका. पदवीचे पूर्ण नाव काय, एआयसीटीईची मान्यता आहे का आणि प्रवेश सीईटीतून की बारावीच्या गुणांवर, हे तिन्ही प्रश्न विचारून घ्या. पुढे एमबीए करायचे असेल तर यातली कुठलीही पदवी चालते, कारण एमबीएला कुठल्याही शाखेचा पदवीधर पात्र असतो. फरक पडतो तो फी-सवलतीत. त्याबद्दल पुढच्या पायरीत.

इथेच एक स्पष्ट मत सांगून टाकतो. तुम्हाला आकड्यांत गोडी असेल, जमाखर्च जुळला की बरे वाटत असेल, तर साधे बीकॉम आणि सोबत सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) ही वाट बीबीएपेक्षा भक्कम आहे. बीबीएला जा ते माणसांत वावरायला, बाजारात फिरायला आणि चार विषय एकत्र हाताळायला आवडत असेल तर.

गणित चांगले असेल आणि खर्च पेलणार असेल तर आयआयएमचा पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही पाहून ठेवा. इंदूरने तो २०११ मध्ये सुरू केला, रोहतकने २०१९ मध्ये. बारावीनंतर थेट प्रवेश आणि शेवटी एमबीए. त्याची आयपीमॅट परीक्षा राज्याच्या सीईटीपेक्षा बरीच कठीण असते. तयारी अकरावीपासून हवी. सिम्बायोसिस आणि एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठांच्या स्वतःच्या वेगळ्या परीक्षा आहेत.

पायरी २: सीईटी, कॅप आणि दाखल्यांची फाईल

सीईटीचा पेपर संगणकावर होतो. १०० प्रश्न, १०० गुण, वेळ ९० मिनिटे. त्यात ४० गुण इंग्रजीचे, ३० तर्क आणि अंकगणिताचे, १५ सामान्य ज्ञानाचे, १५ संगणकाच्या प्राथमिक माहितीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. मराठी माध्यमाच्या मुलांनी ४० गुणांचे इंग्रजी पाहून बिचकू नये. शब्दार्थ, व्याकरण आणि उताऱ्यावरचे प्रश्न यांचा रोज तासभर सराव केला तर फरक पडतो. वेळापत्रक आणि नियम दरवर्षी बदलू शकतात, म्हणून सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरचे त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ मागच्या वर्षीची असू शकते.

परीक्षेपेक्षा जास्त मुले अडकतात ती दाखल्यांपाशी. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र हे सगळे सेतू केंद्रात किंवा ‘आपले सरकार’वर मिळते, पण निकालाच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. जात वैधतेला सर्वात जास्त वेळ लागतो. वडिलांचे आणि आजोबांचे शाळेचे दाखले शोधण्यातच महिने जातात. अकरावीतच कामाला लागा. शिवाय आधार, दहावीची गुणपत्रिका आणि बँक खाते या तिन्हींवर नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे का, ते आज बघा.

आता फी-सवलत. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतील मुलींना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर करायचा. मेख अशी, की हा लाभ कॅपमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेला असतो. ‘कॅप कशाला, थेट संस्थेच्या कोट्यातून घ्या, आजच पावती फाडतो’ असे काउंटरवरचा माणूस म्हणाला, तर पावतीआधी तीन वर्षांच्या फीचा हिशेब मांडा.

पायरी ३: कॉलेज निवडताना इमारत बघू नका

काचेच्या इमारतीकडे आणि ‘सर्वोच्च पॅकेज’च्या फलकाकडे पाठ करून उभे राहा. सर्वोच्च पॅकेज एकालाच मिळते. विचारायचे ते असे: मागच्या वर्षी वर्गात किती मुले होती, किती जणांनी नोकरी मागितली, किती जणांना मिळाली आणि अगदी मधल्या मुलाला किती पगार मिळाला? कुठल्या कंपन्या सलग तीन वर्षे आल्या? उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही उत्तरच.

मग कॅन्टीनमध्ये जाऊन तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांशी बोला. अकाउंट्स आणि स्टॅटिस्टिक्स शिकवायला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत की तासिका तत्त्वावरचे, इंटर्नशिप कॉलेज मिळवून देते की फक्त प्रमाणपत्र मागते, हे ती पाच मिनिटांत सांगतील.

गाव कुठले हाही मोठा मुद्दा आहे. मुंबई-पुण्याला संधी अधिक, पण खोलीभाडे आणि मेस मिळून वर्षाचा खर्च फीच्या वर जाऊ शकतो. छत्रपती संभाजीनगरचे वाळूज, नाशिकचे सातपूर-अंबड, नागपूरचे बुटीबोरी, कोल्हापूरचे शिरोली-गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींजवळचे मध्यम कॉलेज मला पुण्याच्या चौथ्या दर्जाच्या कॉलेजापेक्षा केव्हाही बरे वाटते. तिथे कारखान्याच्या फाटकातून आत शिरणे सोपे असते आणि घरचे जेवण मिळते ते वेगळेच.

पायरी ४: पहिल्या वर्षी हिशेब शिका, बाकीचे मागे पडले तरी चालेल

पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात बरेच काही असते: व्यवस्थापनाची तत्त्वे, अर्थशास्त्र, अकाउंट्स, स्टॅटिस्टिक्स, संवादकौशल्य, शिवाय नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेले मायनर विषय आणि क्रेडिट. राज्यात साधारणपणे सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांत १३२. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते, चौथे केले तर ऑनर्स. क्रेडिट जमा होण्यासाठी एबीसी आयडी काढायला कॉलेज सांगेल, काढून टाका.

व्यवस्थापनाच्या तत्त्वांच्या नोट्स परीक्षेआधी चार दिवस वाचूनही पास होता येते. अकाउंट्स तसे होत नाही. विज्ञान शाखेतून आलेल्या मुलांना नावे-जमा पहिल्यांदाच भेटते, त्यांनी दिवाळीपर्यंत ताळेबंद हाताने लिहिण्याइतकी तयारी करावी. सोबत एक्सेल. पिव्होट टेबल, व्हीलुकअप आणि दहा हजार ओळींच्या यादीतली दुबार नावे काढणे, एवढे सफाईने येणारा मुलगा मुलाखतीत लगेच उठून दिसतो. टॅलीची ओळख असली तर छोट्या कंपन्यांत दार उघडते.

हे सगळे कशासाठी, ते एका उदाहरणाने सांगतो. तालुक्याच्या गावातला बिस्किट-साबणाचा एक वितरक घ्या. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण घडण खरी आहे. महिन्याची विक्री १० लाख. त्यावर ५ टक्के मार्जिन, म्हणजे ५० हजार. टेम्पो, दोन पोरे आणि गोदामाचे भाडे मिळून ३० हजार जातात. हातात २० हजार, वर्षाला २ लाख ४० हजार.

आता त्याचा पैसा किती अडकला? कंपनी आधी पैसे घेऊन मग माल पाठवते. गोदामात १५ दिवसांचा माल पडून असतो, तो खरेदीच्या भावाने ४ लाख ७५ हजारांचा. दुकानदारांकडे २० दिवसांची उधारी, ती साधारण ६ लाख ६७ हजारांची. एकूण ११ लाख ४२ हजार. त्यावर २ लाख ४० हजार म्हणजे वर्षाला २१ टक्के. धंदा बरा चालला आहे.

दिवाळीला नवा सेल्समन आला. टार्गेट गाठायचे म्हणून त्याने उधारी २० वरून ३५ दिवसांवर नेली. विक्री तेवढीच राहिली, फक्त दुकानदार खूश. इकडे आणखी ५ लाख बाजारात अडकले. एकूण १६ लाख ४२ हजार, आणि त्यावरचा परतावा साडेचौदा टक्क्यांवर आला. ते ५ लाख बँकेकडून १२ टक्क्यांनी उचलले असतील तर वर्षाला ६० हजार व्याज, म्हणजे नफ्याचा पाव हिस्सा गेला. विक्रीच्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही.

खेळते भांडवल म्हणतात ते हे. मार्केटिंग, फायनान्स आणि गोदाम हे पुस्तकातले तीन वेगळे धडे इथे एकाच माणसाच्या खिशात एकत्र येतात. हा हिशेब कागदावर मांडता येणारा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी माझ्या लेखी ‘नेतृत्वगुण’ या विषयात ९० गुण मिळवणाऱ्याच्या पुढे आहे.

प्रेझेंटेशनसाठी विषय निवडतानाही हेच धोरण ठेवा. मुंबईच्या डबेवाल्यांवर २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने केस लिहिली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गात वर्षाला एक तरी गट डबेवाले घेऊन उभा राहतो. प्राध्यापकांना ती पाठ झाली आहे. त्यापेक्षा तुमच्या तालुक्यातला साखर कारखाना घ्या. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, कायद्याने १४ दिवसांत शेतकऱ्याला द्यायची, गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा आणि साखर मात्र वर्षभर थोडी थोडी विकायची. मधला पैसा येतो कुठून? बँकेकडे साखर तारण ठेवून. त्याचे व्याज किलोमागे किती पडते? एवढ्या एका प्रश्नावर सत्रभर काम करता येईल, आणि माहिती द्यायला ओळखीतले कुणीतरी कारखान्यात नोकरीला असतेच.

मोठी कंपनी वाचायची असेल तर शेअर बाजारात नोंद असलेल्या कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल बीएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. रोजच्या वापरातल्या मालाची कंपनी निवडा. मॅरिको घेतलीत तर खोबऱ्याचा भाव चढल्यावर पॅराशूटच्या बाटलीचे काय होते ते शोधा. आधी व्यवस्थापनाचे विवेचन वाचा, मग रोकड प्रवाहाचा तक्ता. अध्यक्षांचे पत्र शेवटी वाचले तरी चालते.

पायरी ५: उन्हाळ्याच्या सुट्ट्या वाया घालवू नका

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्ट्या हीच या अभ्यासक्रमातली खरी कमाई. ओळख नाही म्हणून इंटर्नशिप मिळत नाही, अशी तक्रार नेहमीची. पण आधी मोठ्या कंपनीचे नाव सोडा. गावातला वितरक, सीएचे ऑफिस, पतसंस्था, औद्योगिक वसाहतीतला सुट्या भागांचा पुरवठादार, बाजार समितीतला अडत्या, यातल्या कुणाहीकडे कामाला माणूस कमीच असतो. पत्र घेऊन स्वतः जा. ‘सर, इंटर्नशिप मिळेल का?’ असे विचारण्याऐवजी काम सांगा: ‘काका, तुमची सहा महिन्यांची उधारी दुकानवार एक्सेलमध्ये लावून देतो. कोण किती दिवसांनी पैसे देतो ते दिसेल. महिनाभर येऊ का?’ नाही म्हणणारा विरळा.

तिथे काय बघायचे? वितरकाकडे सेल्समनबरोबर बीटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या दुकानांच्या फेरीवर जा. तो दुकानात शिरल्यावर आधी फळीवरचा माल बघतो की आधी गप्पा मारतो, दुकानदार स्कीमबद्दल काय बोलतो, एक्सपायरीचा माल कोण परत घेते. सीएकडे बसलात तर जीएसटीचे विवरणपत्र भरताना विक्रीचे आणि खरेदीचे आकडे कसे जुळवतात ते शिका. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचे ऑनलाइन बिल लागते, हे पुस्तकात एका ओळीत असते. ते चुकले की गाडी नाक्यावर रात्रभर उभी राहते, हे ऑफिसात बसल्यावर कळते.

अहवाल लिहिताना ‘मला खूप शिकायला मिळाले’ हे वाक्य गाळा. किती दुकाने पाहिली, किती रकमेची जुनी उधारी उघडकीला आली आणि त्यातली किती वसूल झाली, ते लिहा. मालकाची परवानगी घ्या आणि गिऱ्हाइकांची नावे झाका.

इंटर्नशिपसाठी पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. ‘नोंदणी शुल्क भरा, घरबसल्या प्रमाणपत्र मिळवा’ या जाहिरातींचा उपयोग जाहिरातदारालाच होतो. ‘तुझ्या खाली चार जण जोड’ अशी मॅनेजमेंट ट्रेनिंग देणारे कॉलेजच्या फाटकाबाहेर हमखास भेटतात. ते तुमच्या आत्या-मावशीला माल विकायला लावतील आणि नाती खराब होतील.

पायरी ६: एक शाखा धरा

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निवड करावी लागते. वर्गातली बहुतेक मुले मार्केटिंग घेतात, कारण ते सोपे वाटते. मार्केटिंगची पहिली नोकरी जवळजवळ नेहमी विक्रीचीच असते, हे घेण्याआधी समजून घ्या. उन्हात फिरणे, नकार ऐकणे, महिन्याच्या २५ तारखेनंतर फोन वाजत राहणे. ज्याला हे जमते तो पाच वर्षांत बाकीच्यांच्या पुढे जातो. खेड्यापाड्यांतल्या विक्रीत, सहकारी बँकेत किंवा सूक्ष्म कर्जाच्या कामात अस्खलित मराठी हे भांडवल आहे. ते लपवू नका.

फायनान्सला बीबीए एकटे पुरत नाही. एनआयएसएम या शेअर बाजाराचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची एखादी प्रमाणपत्र परीक्षा द्या किंवा सीएमए सुरू करा. एचआर म्हणजे माणसांशी गोड बोलणे नव्हे. पीएफची कपात, ईएसआयची (कामगार विम्याची) पात्रता, हजेरीपत्रक आणि कामगार कायदे येत असतील तरच घ्या. पुरवठा साखळीकडे फार थोडी मुले वळतात. भिवंडीच्या गोदामांपासून जेएनपीए बंदरापर्यंत आणि चाकणच्या वाहन उद्योगापर्यंत महाराष्ट्रात या कामाला माणसे लागतात. एक्सेल पक्के असलेल्या शांत स्वभावाच्या मुलाला किंवा मुलीला मी आधी हेच सुचवतो.

पायरी ७: लगेच एमबीए की आधी नोकरी

घरी दडपण असते, ‘एकदाच काय ते शिकून घे’. राज्याच्या एमबीए सीईटीतून मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या ठिकाणी जागा मिळत असेल, किंवा कॅटमधून आयआयएम मिळत असेल, तर जरूर जा. पवईची एनआयटीआयई ही संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, नागपूरला २०१५ पासून आयआयएम आहे, म्हणजे राज्यातच दोन झाल्या. पण तिसऱ्या-चौथ्या फळीच्या कॉलेजात कर्ज काढून लगेच एमबीए करण्यात मला शहाणपणा दिसत नाही. बीबीएमध्ये शिकलेलेच विषय पुन्हा समोर येतात. दोन वर्षे नोकरी करून गेलात तर वर्गात बोलायला काहीतरी असते आणि चांगल्या संस्थांच्या मुलाखतीत अनुभवाला वजन मिळते.

नोकरीच्या मुलाखतीला जाण्याआधी त्या कंपनीचा माल जिथे विकला जातो अशा तीन दुकानांत जाऊन या. सीव्ही एका पानाचा. त्यात छंद म्हणून ‘वाचन, संगीत’ लिहिण्याऐवजी इंटर्नशिपमधला एक आकडा ठळक लिहा. मुलाखत घेणारा तिथेच थांबतो आणि पुढची दहा मिनिटे तुम्हाला येणाऱ्या विषयावर बोलणे होते.

ऑफर हातात आली की सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, वाचायला शिका. वर्षाला ३ लाख ६० हजार लिहिले म्हणजे महिना ३० हजार हातात येतात असे नाही. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, कधी विम्याचा हप्ता असतो, आणि टार्गेट गाठले तरच मिळणारा भागही बऱ्याचदा असतो. मग तुमच्या वाट्याचा पीएफ, मूळ पगाराच्या १२ टक्के, कापला जातो आणि व्यवसाय कर जातो. एचआरकडून महिन्याच्या हातात येणाऱ्या रकमेची फोड ईमेलवर मागा. विक्रीची नोकरी असेल तर दुचाकी कुणाची, पेट्रोल किलोमीटरमागे किती आणि बाहेरगावी मुक्कामाचा भत्ता किती, हेही रुजू होण्याआधीच लेखी घ्या. तोंडी ठरलेला पेट्रोलचा दर पहिल्या बिलाच्या वेळी कुणालाच आठवत नाही.